कार्डावरून आलेलं उत्तर

४ जून

औट्या,

आईने तुझं बोलणं चालू असतानाच फोन ठेवला आणि दुधाखालचा गॅस बंद केला. मी म्हटलं, "अगं, तो बोलतोय." ती म्हणाली, "बोलू दे. कार्डावरची मिनिटं आहेत, संपवायलाच हवीत त्याला." मी रिसीव्हर उचलून पाहिला. नुसती घरघर.

तुला कळलं नसेल म्हणून लिहिते. फोनवर सांगायची सोय नाही. आमच्या घरचा फोन सासूबाईंच्या उशाशी असतो आणि कारखान्यातला मालकांच्या टेबलावर. गणवेशांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर शर्ट खाली सरकले असं समज.

आई जिन्यात पडली हे तुला मागेच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता तिसरा मजला बंद. माझ्याकडे दोन खोल्या, त्यातली एक सासूबाईंची. म्हणून तिने तुला विचारलं. विचारायचं ठरवायला तिला आठवडा लागला, विचारायला एक वाक्य. "मी तिकडे राहायला येऊ का?"

मी शेजारीच उभी होते. रिसीव्हरमध्ये काही नाही. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. जन्मभर तोंडी गणित घेतलेल्या बाईचं तोंड. मग तुझा आवाज आला, बाजूला मलाही ऐकू येईल इतका मोठा. "ये की आई! केव्हाही ये!"

आई म्हणाली, "शून्य." आणि ठेवला.

नियम तुला मी सांगायला नको. प्रश्न संपला की उत्तर. मध्ये श्वास घेतला तर शून्य, मग उत्तर बरोबर का असेना. "शोधून आणलेलं नको मला. असलेलं दे." या नियमापायी तू साडेतीनाच्या, त्या औटकीच्या पाढ्याला वर्षभर बाकावर उभा राहिलास आणि जन्माचा औट्या झालास. घरातही तोच कायदा. बरणी कोणी फोडली? ज्याने श्वास घेतला त्याने.

तेव्हा उगीच प्रेमाचा आव आणू नकोस. तिने यायला नको असेल तर तसं सांग.

ताई


१९ जून

ताई,

पत्र वाचून हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. मी थांबलो? आईचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं तेव्हा मी "ये की" म्हटलं. थांबते ती.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहितो. आई फार उशिरा बोलायला लागली आहे. "कशी आहेस?" म्हटलं की शांतता. मी वाट बघतो. मग "बरी आहे." ही आपली आई? जिच्यापुढे मुख्याध्यापक चाचरायचे? मी हे कार्ड घेतल्यापासून दर रविवारी बोलतो, म्हणून तरी लक्षात आलं. आधी सणासुदीला कधीतरी थेट लाइनवरून फोन व्हायचा, तेव्हा कुठून कळणार? तुम्ही तर रोज बघता, तुम्हाला काय दिसणार?

कार्डाबद्दल तुझा टोमणा पोचला. इथे खालच्या दुकानात मिळतं. नाण्याने खरवडायचं, आकडे दाबायचे, एक बाई उरलेली मिनिटं सांगते आणि लागला फोन. दुकानदार म्हणतो, आवाज तीन-चार देश फिरून जातो म्हणून स्वस्त. ज्यांना हे कळत नाही ते अजून थेट लाइनवर अर्धा पगार घालवतात. घालवू देत.

आम्ही नकली दात बनवतो तिथे माझ्या शेजारी मेण कोरणारा एक वयस्क माणूस बसतो. त्याच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी उत्तरं उशिरा, मग नावं जातात, मग माणसं. तो म्हणाला, तिला सवयीचं काही विचारून बघ. म्हणून मागच्या रविवारी विचारलं, "आई, एकोणीस नव्वे किती?" ताई, ती गप्प. एकोणीस नव्वे! मी खाटेवरून उठून उभा राहिलो. वरच्या खाटेवरच्या पेंटरनेसुद्धा खाली वाकून विचारलं, काय झालं. मग तिचं उत्तर आलं. बरोबर होतं, पण केव्हा आलं?

मी बाल्कनीत जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

अशा माणसाला परदेशात आणून कोंडायचं का? मी दिवसभर कामावर. त्यापेक्षा तू म्हणाली होतीस त्या वृद्धनिवासात नर्स असते. भावोजींना सांग, फॉर्म आणतील. मी कुठेही सही करायला तयार आहे.

तुझा
औट्या (हे नाव पत्राच्या पाकिटावर लिहू नकोस, इथला पोस्टमन अर्थ विचारतो)


५ जुलै

औट्या,

तुझी काळजी वाचून मी दोन शर्टांना उलटी काजं पाडली.

निवास मी आईला तुझं पत्र यायच्या आधीच दाखवून आणलं होतं. लांब खोली, दोन्हीकडे खाटा, प्रत्येक खाटेखाली एकसारखी निळी बादली. चष्मे एका ट्रेमध्ये ओळीने. व्यवस्थापक हसरा आहे. त्याला दिवसभर हसायचाच पगार मिळत असावा. म्हणाला, "आमच्याकडे चोवीस तास नर्स असते." आईने विचारलं, "मग झोपते कधी?" त्याने श्वास घेतला. तिथेच गेला तो. बाहेर येऊन आई म्हणाली, "वर्ग बरा आहे. पण शाळा सुटत नाही."

ही तुझी बुद्धी गेलेली बाई.

आता एकोणीस नव्वे. त्या वेळी शेजारीण वाटी घेऊन दारात उभी होती, तिला विचार. तू "नव्वे" म्हटलंस आणि आईने तोंडावर फेकावं तसं "एकशे एकाहत्तर" फेकलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून शेजारणीला म्हणाली, "माझी परीक्षा घेतोय. औटकी न येणारा." त्या दिवसापासून तुझा फोन वाजला की ती बाथरूममध्ये जाते. तू तिकडे समजत असशील की तिला फोन कुठे आहे ते आठवत नाही.

मला एक कळलं नाही. बाल्कनीच्या फ्लॅटमध्ये वरची खाट कशी आली? आणि त्या खाटेवर पेंटर काय करतो? भिंत रंगवायला आला असेल तर खाटेवर पडून कुठली भिंत रंगवतो?

येत्या चौथ्या रविवारी मी आईकडे असेन. दुपारी फोन कर. मी उचलीन. मलाही ऐकू दे कोण थांबतं ते.

ताई


३० जुलै

ताई,

कालच्या फोननंतर मला काही सुचेना. एकट्या आईचं असतं तर समजलो असतो. तूसुद्धा?

मी म्हटलं, "ताई, कशी आहेस?" आणि तू गप्प. मी म्हटलं, "हॅलो?" तर नेमकी त्याच वेळी तू बोलायला लागलीस. मग दोघंही थांबलो. मग दोघंही बोललो. तू तर कधी दुसऱ्याला वाक्य पुरं करू देणारी नव्हेस. तुझं वय काय? हे घराण्यातच असणार. आजोबा जेवताना घास हातात धरून बसायचे, आठवतं? आपल्याला वाटायचं, विचार करतायत.

आणि शेवटी आईने रिसीव्हर घेतला ते तर ऐकवेना. "औट्या, मी एक म्हणते, तू दोन म्हण, मी तीन म्हणते." कारण काही नाही, आगापिछा काही नाही. मी म्हटलं, "कशासाठी आई?" तर ओरडली, "म्हण!" मी म्हणत राहिलो. विसाच्या पुढे गेलो तेव्हा कार्डवाली बाई मध्ये आली आणि फोन बंद पडला. मेणवाल्याला सांगितलं तर त्याने हातातलं हत्यार खाली ठेवलं. म्हणाला, लहानपण परत येतं ते शेवटी.

आता तरी फॉर्म भर. आणि स्वतःचं रक्त तपासून घे, भावोजींना बरोबर ने.

पेंटर पाहुणा आहे.

औट्या


१४ ऑगस्ट

गाढवा,

आजोबा घास हातात धरून बसायचे कारण त्यांना दात नव्हते. तू दात बनवतोस ना?

आता नीट वाच. त्या दिवशी मी "मजेत" म्हटलं ते तुझ्या "कशी आहेस"ला चिकटून. आई शेजारी होती. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि तू तिकडे "हॅलो" करत होतास. आईच्या कपाळावर आठी पडली. वर्गात एखाद्या पोराचं उत्तर बरोबर आणि रीत चुकीची आली की पडायची ती. तिने माझ्या हातातून रिसीव्हर ओढला आणि आकडे सुरू केले.

तुला लहानपण दिसलं. ती तपासत होती. तिने एक म्हटलं आणि डाव्या हाताने पायावर ठेका धरला. तुझा दोन आला. तिने तीन म्हटलं, ठेका, तुझा चार. मला वाटलं, आता तुझं खरंच काही खरं नाही. पण फोन बंद पडल्यावर ती खुर्चीत टेकली आणि म्हणाली, "ज्याला येत नाही तो कधी थोडा थांबतो, कधी जास्त. सोप्याला कमी, अवघडाला जास्त. हा प्रत्येक आकड्याला तेवढाच थांबला. अठराला तेवढाच, दोनाला तेवढाच. इतकं एकसारखं माणसाला जमत नाही. हे थांबणं त्याचं नाही."

तीन-चार देश फिरून जातो ना आवाज? तुझ्याच पत्रात लिहिलं आहेस. शाबास. फिरायला वेळ लागतो, एवढं तुझ्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. तू तिला वेडी ठरवत होतास, ती तुला खोटा ठरवत होती, आणि मी या गठ्ठ्यावर बसून दोघांना अक्कल शिकवत होते. सगळा वेळ ते कार्ड मध्ये उभं.

पुढचं महत्त्वाचं. आईने शून्य परत घेतलं. तिने आजवर कोणाचं शून्य परत घेतल्याचं मला माहीत नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांचंसुद्धा घेतलं नव्हतं. म्हणाली, "माझी चूक झाली. मी ऐकायचं साधन न तपासता मार्क दिले." आणि तेव्हापासून घरात गुणगुणते आहे. औट्या, आई गुणगुणते आहे. एक बॅग खाली काढून तिने उन्हात ठेवली आहे. मला विचारलं, तिकडे थंडी किती असते. मी म्हटलं, मला काय माहीत, बाल्कनीवाल्याला विचार.

तिला पुन्हा विचारायचं आहे. कार्ड नको. थेट लाइन. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी फोन कर, ती दाराला कडी घालून बसणार आहे. एकच प्रश्न आहे, तुझा अर्धा पगार जाणार नाही.

ताई


२८ ऑगस्ट

ताई,

तू "गाढवा" म्हटलंस ते मान्य. कार्ड मी दुकानदाराच्या अंगावर फेकून आलो. तो म्हणाला, "बोलणं पोचतं ना? मग कशाची तक्रार?" असल्या लोकांशी काय वाद घालायचा. मेणवाल्यालाही सांगितलं. त्याला वाईट वाटलं. आपल्या वडिलांसारखं आणखी कोणी आहे याचं त्याला बरं वाटत होतं बहुतेक.

आई ठीक आहे, याहून मोठी गोष्ट नाही. त्या रविवारी थेट लाइनवरून फोन करतो. खर्चाचं काही नाही, तेवढं आता परवडतं.

पण एक सांग. फोनच कशाला? हेच तिने पत्रात विचारलं तर? मी सविस्तर लिहीन. सध्या माझं जागा बदलायचं चाललं आहे, मालक बरा नाही, बाल्कनीत पाणी गळतं. हे सगळं एका वाक्यात कसं सांगणार? मला तिला नीट समजावून सांगायचं आहे. तिला तसं सुचवून बघ.

आणि रागावू नकोस, पण तू मला इतकं लिहितेस, तर मीही विचारतो. आई तुझ्यापासून पंधरा मिनिटांवर राहते. तुला तर कार्ड लागत नाही. तू तिला "माझ्याकडे चल" म्हणालीस का एकदा तरी?

औट्या


१६ सप्टेंबर

औट्या,

तुझं पत्र फोनच्या आदल्या दिवशी आलं. पत्रात विचार, असं मी आईला सुचवलं नाही. सुचवलं असतं तर त्याचाही अर्थ तिला तिथल्या तिथे कळला असता.

फोन कसा झाला ते तुला माहीतच आहे. पण तू तिकडच्या बाजूला होतास, म्हणून इकडची बाजू लिहिते.

ती सकाळपासून तयार होती. केस विंचरून, चांगले कपडे घालून. मी म्हटलं, "फोन आहे, दिसत नाही त्याला." म्हणाली, "मला दिसतं ना." खुर्ची फोनजवळ ओढून घेतली. मलाही ऐकू यावं म्हणून रिसीव्हर दोघींच्या मध्ये धरला. वाजल्याबरोबर उचलला.

लाइन स्वच्छ होती. इतकी की तुझ्या खोलीतला नळ ठिबकत होता तो ऐकू आला. कोणीतरी खोकलं. दुसऱ्या कोणीतरी त्याला गप्प केलं. मला वाटतं खोलीत तुम्ही चौघं तरी होता. आईने आधी म्हटलं, "ऐकू येतंय?" तू म्हणालास, "हो." शब्दाला शब्द लागून. ती माझ्याकडे बघून हसली. जोड जुळली की दात जसा बसतो, तसं वाटलं मला. तुझ्या धंद्यातलं आहे, बरोबर नसेल तर सोडून दे.

मग तिने विचारलं, "मी तिकडे राहायला येऊ का?"

नळ ठिबकला. पुन्हा ठिबकला. मी मोजलं नाही. आईने पायावर ठेका धरला नाही.

"ये की आई," तू म्हणालास. "कधीही ये."

ती म्हणाली, "बरं. जेवलास का?"

"हो, जेवलो." ते लगेच आलं.

"काय जेवलास?" तेही लगेच सांगितलंस. मग तिने तुझ्या पाठदुखीचं विचारलं, दातांची कामं किती येतात ते विचारलं, सगळ्याला तू धडाधड उत्तरं दिलीस. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ठेवते, तुझे पैसे पडतात." आणि हळू ठेवला, आपटला नाही.

मला वाटलं, आता "शून्य" म्हणेल. तो शब्द ती म्हणाली नाही. मी म्हटलं, "आई, जागेची अडचण असेल त्याची." ती म्हणाली, "असेल ना. मग तसं म्हणायचं." आणि थोड्या वेळाने, "नाही म्हणाला असता तर पैकीच्या पैकी दिले असते मी." उन्हातली बॅग तिने आत आणली.

पेंटरला मी काही बोलत नाही. तो पाहुणा नाही, एवढं आता कळलं. तुला चार माणसांच्या खोलीत राहावं लागतं यात लाज कसली? तू ती बाल्कनी आम्हाला इतकी वर्षं दाखवलीस, आणि आम्हीही तिच्यात उभं राहून गावभर मिरवलो. आईने शेजारणीला सांगितलं होतं की तिथून झाडं दिसतात. झाडं तू लिहिली होतीस की तिने घातली, मला आठवत नाही.

तुझा प्रश्न मी वाचला. त्याचं उत्तर लिहायला मी तीनदा बसले. पहिल्या वेळी सासूबाईंचं कारण लिहिलं, दुसऱ्या वेळी खोल्यांचं. दोन्ही खरी आहेत. तुझी बाल्कनी गळते तितकीच खरी. आईने मला कधी विचारलं नाही. तिने विचारलं नाही याचा मला राग यायचा. आता वाटतं, तिने माझ्यावर मेहेरबानी केली.

रविवारी रात्री मी तिच्याकडेच राहिले. तुझ्या भावोजींनी आणलेला निवासाचा फॉर्म तिने भरला आणि सही केली.

सोमवारी सकाळी ती निवासात गेली. जिना उतरायला वेळ लागला. गाडीत मी म्हटलं, "माझ्याकडे चल." ती म्हणाली, "काच वर कर, वारा लागतो."

ताई